शिक्का खराच होता

ऑफिसात तिला सगळे शिक्केवाली म्हणत. कंपनीचा माल एकच: कॉम्प्युटरमधला केरकचरा काढून त्याला पुन्हा पळता करणारा एक छोटासा प्रोग्रॅम. त्याच्या चित्रात झाडू होता, म्हणून सगळेच त्याला झाडू म्हणायचे. फुकट मिळायचा, तरी काम चोख करायचा. एकाने दुसऱ्याला सांगत सांगत तो जगभरातल्या कोट्यवधी मशीनवर जाऊन बसला होता. दर महिन्याला त्याची नवी आवृत्ती निघे, आणि ती बाहेर पडण्याआधी तिच्यावर कंपनीचा डिजिटल शिक्का मारावा लागे. तो शिक्का पाहिला की घेणाऱ्याच्या मशीनला कळतं, माल अस्सल आहे, वाटेत कुणी हात लावलेला नाही. हे शिक्का मारायचं काम तिचं. कितीतरी वर्षं ती ते करत होती आणि त्यात एकदाही चूक झाली नव्हती. या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता, जरी बोलताना ती म्हणायची, "माझं काय, पोस्टातल्या कारकुनाचं काम."

त्या दिवशी दुपारी तिला एका अनोळखी माणसाचा फोन आला. आवाज तरुण होता आणि जरा अवघडलेला. तो दुसऱ्या एका कंपनीत व्हायरस शोधायचं काम करत होता.

"तुमचा झाडू केर बाहेर टाकतो ते ठीक आहे," तो म्हणाला, "पण घरात काय काय सामान आहे, तेही तो कुणाला तरी जाऊन सांगतोय."

"कुणीतरी आमच्या नावाने नकली बनवला असेल. रोजचंच आहे," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यावर तुमचा शिक्का आहे."

तिने फोन ठेवला आणि कशालाच न जोडलेला एक जुना लॅपटॉप काढला. पेन ड्राइव्हवरून त्यावर झाडू बसवला आणि शिक्का तपासला. शिक्का खराच होता. तारीखही तिनेच तो मारला त्या दिवसाची होती. मग तिने लॅपटॉप ऑफिसच्या जाळ्याबाहेरच्या इंटरनेटच्या एका तारेला जोडला आणि त्यातून काय बाहेर जातं ते बघत बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. झाडूने आपलं काम केलं, कचरा मोजला, हिरवी खूण दाखवली. तिला हायसं वाटायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर एक ओळ हलली. झाडू कुठल्यातरी परक्या पत्त्यावर बोलत होता. मशीनचं नाव काय, त्यावर काय काय आहे, ते कुठल्या कंपनीच्या जाळ्यात आहे. एवढं सांगून तो पुन्हा गुपचूप बसला.

कुणी बघत नाही ना, याची खात्री करून बोलावं, तसा.

कंपनीच्या सुरक्षेचा प्रमुख आडदांड होता. त्याला सगळे वॉचमन म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. त्याने पडदा पाहिला, खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"या आवृत्तीवर शिक्का कुणी मारला?"

"मी," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. किती वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवत होती, पण ती नजर तिला नवी होती.

संध्याकाळच्या आत सायबर पोलिसांची एक तपास अधिकारी आली. बारीक चणीची, केस आखूड कापलेली, आवाज कधीही न चढवणारी बाई. तिने आल्याआल्या सगळ्यांचे मोबाइल एका डब्यात ठेवायला लावले आणि बैठक ऑफिसात न घेता मागच्या गाड्या लावायच्या जागेत, उभ्याउभ्याच घेतली. तिच्या माणसांनी जिथे झाडू बांधला जातो ते मशीन उघडलं होतं. शिक्केवालीने तपासलेला मजकूर स्वच्छ होता. पण तो तपासून झाल्यावर आणि शिक्का बसायच्या आधी, मधल्या त्या क्षणात, गेल्या दोन आवृत्त्यांपासून मशीनमध्ये दडलेलं काहीतरी त्यात भर घालत होतं.

"म्हणजे आमच्यातलं कुणी नाही ना?" वॉचमनने विचारलं.

"नाही. बाहेरून आलाय. पण आलाय कधीच. तुमची कंपनी मोठ्या मालकांनी विकत घेतली, त्याच्याही आधी."

"घर विकलं तेव्हा चोर माळ्यावरच होता म्हणायचा," वॉचमन म्हणाला.

मग अधिकारी बाईंनी पुढचं सांगितलं. चोर अजून आत होता. त्यांचे मेल वाचत होता. तो ज्या सर्व्हरवर माहिती गोळा करत होता तो दुसऱ्या देशात होता, आणि तिथले पोलीस तो जप्त करणार होते. त्याला काही दिवस लागणार. तोवर चोराला संशय येता कामा नये. आला, तर तो सगळं पुसून पसार होईल, आणि कुणाकुणाच्या घरात शिरला होता ते कधीच कळणार नाही.

"म्हणून रोजच्यासारखं वागायचं. रोजचे मेल पाठवायचे. आणि बाहेर एक अक्षर नाही. घरीसुद्धा नाही."

"मी स्वतः ज्यांच्या मशीनवर झाडू बसवून दिलाय, त्यांना तरी?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही."

मग ते विचित्र दिवस सुरू झाले. ती सकाळी येई, मशीन चालू करी आणि आपल्या सहकाऱ्यांना मेल लिही: पुढच्या महिन्याच्या आवृत्तीत काय घ्यायचं, कुणाची रजा आहे, चहाचं मशीन पुन्हा बिघडलंय. प्रत्येक ओळ लिहिताना तिला वाटे, ही ओळ आणखी एकजण वाचतोय. तो कसा असेल, खुर्चीत कसा बसत असेल, तिच्या विनोदावर हसत असेल का. तिचे जुने मेलही त्याने वाचले असणार. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिने मागितलेली रजा. घटस्फोटाच्या वेळी वकिलाला लिहिलेलं लांबलचक पत्र, जे तिने चुकून ऑफिसच्या मेलवरून पाठवलं होतं. आईलाही न सांगितलेल्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या. एकदा ती एक वाक्य लिहून थांबली, आणि खाडाखोड केली तर ती त्याला दिसेल का, या विचाराने हात तसाच अधांतरी ठेवून बसली.

रविवारी ती नेहमीसारखी आई-वडिलांकडे जेवायला गेली. धाकटा भाऊ आधीच आला होता. तो एका लहानशा कंपनीत होता. शहरांना पाणी पुरवणारे पंप आणि झडपा चालवायची जी यंत्रं असतात, ती बनवणारी कंपनी. ती यंत्रं पंपघरांत बसवली जात, आणि काही बिघडलं तर ऑफिसात बसल्याबसल्या दुरुस्त केली जात. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर धाकट्याच्या ताब्यात होते, आणि प्रत्येकावर त्याने झाडू बसवला होता. कुणी विचारलं की सांगायचा, "आमच्या ताईच्या हातचा आहे."

"तुझी नवी आवृत्ती आलीय ना?" त्याने ताट पुढे ओढत विचारलं. "उद्या सकाळी सगळ्या मशीनवर टाकतो. मागचा महिना कामाच्या गडबडीत तसाच गेला."

तिने हातातला घास ताटात ठेवला.

"घाई काय आहे?"

"अगं, तूच कान किटवलेत ना माझे? अपडेट टाळू नये, टाळू नये."

"या वेळची जरा…" ती म्हणाली आणि थांबली.

"जरा काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं, थांब. त्याने का म्हणून विचारलं असतं, तिला उत्तर देता आलं नसतं, आणि त्याला खोटं लगेच कळायचं. मग तो त्याच्या साहेबांना सांगणार, साहेब आणखी कुणाला, आणि बातमीला पाय फुटणार. कोट्यवधी मशीन आणि एक भाऊ. तिने मनात तराजू धरला आणि तिला वाटलं, आपण बरोबर वागतोय.

"जरा मोठी आहे. डाउनलोडला वेळ लागेल," ती म्हणाली.

"मग चहा पिऊन येतो तेवढ्यात," तो म्हणाला.

आई तिच्या ताटाकडे बघत होती. "भाजी आवडली नाही का गं? नुसती चिवडत बसलीयस."

"आवडली," ती म्हणाली आणि सगळं संपवलं.

मंगळवारी सर्व्हर जप्त झाला. तासाभरात कंपनीने जाहीर केलं, झाडूची दुरुस्त आवृत्ती निघाली, बातम्यांचा भडिमार झाला, फोन वाजून वाजून गरम झाले. शिक्केवालीने भावाला लगेच फोन लावला, पण त्याने बातमी आधीच ऐकली होती. तो घाईत होता, नवी आवृत्ती बसवत होता. "बघतो, करतो, नंतर बोलू," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई पुन्हा आल्या. या वेळी बैठक ऑफिसात झाली. जप्त केलेल्या सर्व्हरमधून बरंच निघालं होतं. बहुतेक मशीनकडे चोराने नुसतं डोकावून सोडून दिलं होतं. त्याला सामान्य माणसांचे फोटो आणि पासवर्ड नकोच होते. पण काही निवडक ठिकाणी मात्र त्याने आणखी एक वस्तू मागाहून आत सरकवली होती. ती काय करते ते अजून नीट कळलं नव्हतं, आणि झाडू बदलून ती जात नव्हती.

"कुठली ठिकाणं?" वॉचमनने विचारलं.

"मोठ्या कंपन्या आहेत बहुतेक. फोन बनवणाऱ्या, नेटवर्क चालवणाऱ्या. एकच बारकी आहे, पंपांची यंत्रं बनवणारी. तिथे तर तो सोमवारीच शिरलाय, जप्तीच्या आदल्या दिवशी."

शिक्केवालीने कंपनीचं नाव विचारलं. मग ती उठली, पर्स घेतली आणि कुणाची परवानगी न मागता बाहेर पडली.

भावाचं ऑफिस एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लेथ चालत होते आणि जिन्याला तेलाचा वास होता. तो टेबलाखाली वाकून कसल्याशा तारा सोडवत होता. तिने त्याला उभ्याउभ्या सगळं सांगितलं. झाडू बदलून उपयोग नाही, आत दुसरं काहीतरी आहे, सगळी मशीन कोरी करावी लागतील.

तो ऐकत राहिला. मग तारा खाली ठेवून त्याने विचारलं, "रविवारी तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी सोमवारी टाकतोय म्हणालो, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तो चिडला असता, ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणी तो चिडला की पायातली चप्पल भिरकावायचा. आता त्याने फक्त पाण्याची बाटली उचलली, प्यायला, झाकण नीट लावलं.

"आईला तूच सांग," तो म्हणाला. "मी नाही सांगणार."

त्याच्या साहेबांनी त्याला नोकरीवरून काढलं नाही, पण सगळ्यांसमोर विचारलं की हा बहिणीचा झाडू दारात उभा करायची अक्कल कुणाची. मशीन एकेक करून कोरी केली. तरी प्रश्न उरलाच. चोर एक दिवस आत होता की दोन, त्याने काय नेलं, ते सांगता येत नव्हतं. पंपघरांचे नकाशे तिथे होते, आणि दुरून यंत्रं चालवायचे पासवर्डही. ते सगळे बदलायचे ठरलं. आणि नेटवरून बदलले तर नवेही चोराच्या हाती लागतील, म्हणून प्रत्येक पंपघरात जाऊन हाताने. माणसं मोजकी होती. शिक्केवालीने रजा टाकली आणि भावाला म्हणाली, "गाडी मी चालवते. तुला वाटेत काम करता येईल."

तो नको म्हणाला नाही. पहिली पंपघरं झाली. वाटेत बोलणं एवढंच, की इथून डावीकडे, इथून सरळ.

मग ते तलावाकाठच्या पंपघरात पोचले. दगडी खोली, ओली फरशी, पंपांची घरघर इतकी की बोलायला ओरडावं लागे. तिथले पंपवाले काका पिकल्या मिशांचे, कानात कापूस घातलेले. त्यांनी दोघांना आत घेतलं आणि सहज विचारलं, "परवा तुमच्या ऑफिसातून कुणी मोठी झडप हलवून बघत होतं का?"

धाकटा बॅग उघडता उघडता थांबला. "कशी हलवून?"

"थोडी मिटली, थोडी उघडली. मग पुन्हा. नवा नळ घेताना कसं माणूस फिरवून बघतो, तसं. मी म्हटलं, साहेब लोक चाचणी घेत असतील. काल पण झालं."

"आमच्याकडून कुणी काही केलेलं नाही," धाकटा म्हणाला.

काकांनी कानातला कापूस काढला. "काय म्हणालात?"

त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही. भिंतीवरच्या दाबाच्या तबकडीचा काटा हलला होता. खोलीत तिघंच होती आणि कुणाचाही हात कशाला लागलेला नव्हता. मोठ्या झडपेचा दांडा सावकाश फिरायला लागला, थांबला, आणि पुन्हा फिरला. पंपांचा आवाज बदलला, जड झाला. काटा हळूहळू लाल खुणेकडे चालला होता.

तिने अधिकारी बाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि परवाचं, कालचं, आत्ताचं सगळं भराभर सांगितलं. पहिल्यांदाच तिने त्या बाईंचा आवाज चढलेला ऐकला.

"हात लावू नका! काहीही करू नका. तो आत्ता तिथे आहे, म्हणजे त्याची वाट उघडी आहे. मला थोडा वेळ द्या, मी माग काढते. अशी संधी परत येणार नाही."

"दाब वाढतोय. खालच्या शहराची मुख्य वाहिनी आहे ही. ती फुटली तर?" शिक्केवाली ओरडून म्हणाली.

"तो फक्त चाचपतोय. मागच्या दोन्ही वेळा सोडून दिलंय ना?"

"आणि चाचपून झाल्यावर?"

मग बाई शांतपणे म्हणाल्या, "नेटची तार काढलीत तर तो कायमचा हातचा जाईल. मग तो दुसरीकडे जाईल, आणि ते आपल्याला कळणारही नाही. हे समजून करा काय करायचं ते."

तिला समजत होतं. तेच गाड्यांमध्ये उभं राहून तिने ऐकलं होतं, आणि तेव्हाही ते खोटं नव्हतं. तिने भावाकडे पाहिलं. ठरवायचं त्याने तिच्यावरच सोडलं होतं, किंवा ती काय करते ते त्याला बघायचं होतं.

"कुठली तार?" तिने विचारलं.

त्याने बोट दाखवलं. तिने कपाटाचं दार उघडून ती निळी तार उपटून काढली. काका वयाला न शोभणाऱ्या चपळाईने झडपेच्या चाकाला लटकले. धाकट्याने दुसरी बाजू धरली, दोघांनी मिळून चाक उलटं फिरवलं. काटा लाल खुणेला टेकून थरथरत राहिला आणि मग खाली आला.

पुढचा वेळ त्यांनी दारातल्या पायरीवर बसून फोन करण्यात घालवला. सगळ्या पंपघरांना एकच निरोप: तार काढा, हाताने चालवा, कारण विचारू नका. दोन ठिकाणी झडपा अशाच हलल्या होत्या आणि तिथल्यांनीही साहेबांची चाचणी समजून सोडून दिलं होतं. एका ठिकाणी फोन कुणी उचलेना. ती गाडी घेऊन तिकडे सुटली. पंपघर उघडंच होतं, पंपवाला दाराशी खुर्चीत बसून जेवत होता, फोन आत चार्जिंगला. झडप अर्ध्याहून जास्त मिटलेली. सकाळपासून टेकडीवरच्या घरांना पाणी नव्हतं. त्याला वाटलं, तलावच आटला असेल.

चोर सापडला नाही. तार काढल्यावर काही क्षणांत त्याने आपल्या सगळ्या वाटा मिटवल्या. तो कोण, कुणासाठी काम करतो, त्याला एका शहराच्या पाण्यात काय रस होता, यातलं काहीही कधी कळलं नाही. अधिकारी बाईंनी शिक्केवालीवर ठपका ठेवला नाही. शेवटच्या जबाबाच्या वेळी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण तो आत्ता कुणाच्या तरी घरात आहे, आणि कुणाच्या ते मला माहीत नाही. माझी झोप त्याने उडालीय." शिक्केवालीचीही उडाली होती.

कंपनीत आता प्रत्येक आवृत्ती दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या माणसांकडून बांधून, जुळवून मगच पुढे जाते. शिक्का अजून तीच मारते. वॉचमनने एकदा जेवताना तिची माफी मागितली. त्या दिवशी तुझ्याकडे तसं बघायला नको होतं, म्हणाला. ती म्हणाली, तसंच बघायला हवं होतं. आईला तिने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "तुम्हा दोघांत मला निवडायला लावू नका म्हणजे झालं."

पंपघरं अजून हातानेच चालतात. धाकटा आठवड्यातून एकदा फेरी मारतो आणि जमेल तेव्हा गाडी ती चालवते. परवा परतताना सिग्नलला गाडी थांबली होती. तो बराच वेळ खिडकीतून शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बघत होता. तो माणूस फोनवर काहीतरी वाचत होता, इतकंच.

"तो चोर आपल्याला ओळखत असेल का गं?" त्याने विचारलं. "म्हणजे समोर आलो तर?"

"चेहऱ्याने माहीत नाही," ती म्हणाली. "नावाने नक्की."

हवेत गारवा नव्हता, तरी त्याने काच वर घेतली.